बुजवलेले खड्डे

न्यू जर्सीच्या उद्यानात बाकावर नुसता बसलेला भारतीय आजोबा कुणाच्या नजरेत भरत नाही. असे आम्ही इथे पुष्कळ आहोत. सहा महिन्यांसाठी येतो, नातवंडांना शाळेतून आणतो, संध्याकाळी चकरा मारतो. पण त्याच आजोबाने कानांवर हेडफोन चढवले आणि खाली तबकडी लावलेली काठी गवतावरून सावकाश फिरवायला घेतली, की कुत्रं फिरवणारी बाई थांबते, पळायला आलेला तरुण थांबतो, पोरं तर सायकली टाकून येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: "काही मिळालं का?" उत्तरही ठरलेलं: "बाटल्यांची झाकणं." माणसं हसतात आणि मग पाच मिनिटं बोलत उभी राहतात. परक्या गावात ओळखी व्हायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

*

यंत्र मुलाने आणून दिलं. "बाबा, दुपारभर मालिका बघण्यापेक्षा हे बरं," एवढंच म्हणाला. नवशिक्याला पुरेल असा डिटेक्टर इथे दीडशे ते तीनशे डॉलरमध्ये मिळतो. हजार डॉलरचेही असतात, पण पहिल्या वर्षी त्यांचा फायदा एवढाच, की कचरा जास्त खोलातून निघतो. पैसे वाचवून तीन गोष्टी घ्याव्यात. एक, हेडफोन, म्हणजे बाकीच्यांच्या कानाला ताप नाही. दुसरी, खड्ड्यात घालून नेमकी जागा दाखवणारा वीतभर लांबीचा पिनपॉइंटर. तिसरी, चांगलं पातं. तिसरीला मला खर्च पडला नाही. सूनबाईच्या वाफ्यासाठी गावच्या लोहाराकडून घडवून आणलेलं खुरपं घरात होतंच. आता ते माझ्या पिशवीत असतं आणि ती वाफ्यासाठी दुसरं मागते.

*

माझी सगळी नोकरी वीज मंडळात झाली, त्यामुळे यंत्र हातात आल्यावर पहिला प्रश्न पडला तो तबकडीच्या आत काय आहे, हा. आत तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्यामुळे खालच्या जमिनीत चुंबकी क्षेत्र सारखं हलत राहतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात छोटे गोल प्रवाह सुरू होतात. हेच एडी करंट. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात हे नकोत म्हणून आम्ही अखंड लोखंड न वापरता पातळ पत्र्यांच्या थप्प्या लावायचो. जन्मभर ज्यांना टाळलं, त्यांच्याच मागे आता फिरतो आहे.

या प्रवाहांचं क्षीण क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतं, पण किंचित उशिराने. चांदी आणि तांब्यात प्रवाह सहज वाहतो, तिथे हा उशीर जास्त. वर्खासारख्या पातळ ॲल्युमिनियममध्ये कमी. यंत्र तो उशीर मोजून पडद्यावर आकडा दाखवतं, बऱ्याच यंत्रांत ० ते ९९ मधला. लोखंड तळाला, चांदी माथ्यावर. सगळा घोळ मधल्या पट्ट्यात असतो.

*

तो घोळ असा: बारीक सोन्याची अंगठी, पाच सेंटचं नाणं आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची ओढायची कडी, तिघांचे आकडे एकमेकांना खेटून येतात. कडी गाळ, असं यंत्राला सांगता येतं, पण मग अंगठीही गाळली जाते. ज्याला सोनं हवं त्याने कड्या खणायच्या, याला पर्याय नाही.

या कडीचाही इतिहास आहे. ओहायोतल्या डेटन गावच्या एर्मल फ्रेझने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती काढली, तोपर्यंत डबा फोडायला वेगळं हत्यार लागायचं. फ्रेझची कडी डब्यापासून सुटी व्हायची आणि लोक ती तिथेच टाकायचे. अनवाणी पायांना ती कापायची, इतकी ती सगळीकडे पसरली. १९७५ मध्ये डॅनियल कुड्झिकची डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली आणि जुनी हळूहळू बंद झाली. म्हणजे जमिनीतून सुटी कडी निघाली, की आपण साठ-सत्तरच्या दशकातल्या थरात आहोत. कचऱ्याला तारीख असते, हे मला या कडीने शिकवलं.

नातू मात्र वैतागतो. "आजोबा, परत टॅब?"

*

नाण्यांचं वेळापत्रक पाठ करून ठेवावं, फार उपयोगी पडतं. दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांत १९६४ पर्यंत ९० टक्के चांदी होती. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि तांब्यावर तांबं-निकेलचा थर दिलेली नाणी आली. चांदीचं जुनं नाणं मातीतून पांढरं स्वच्छ निघतं, नवीन नाणं तपकिरी डागाळलेलं. पाच सेंटचं नाणं जमिनीत लालसर होतं. एक सेंटचं नाणं १९८२ च्या मध्यावर बदललं. आधी जवळपास सगळं तांबं, नंतर जस्तावर तांब्याचा नुसता मुलामा. मुलाम्याला चरा पडला की ओल जस्त खाते आणि काठ कुरतडल्यासारखे दिसतात. दहा-पंधरा वर्षं मातीत राहिलेल्या नव्या सेंटवरचा लिंकन ओळखू येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या सेंटवरचा ओळखू येतो. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला. पण जमिनीतले सेंट पुढची काही दशकं तरी संपणार नाहीत.

*

कुठे शोधायचं? जिथे माणसं बसतात, वाकतात, उलटी लटकतात आणि घसरतात. जुन्या झाडाची दुपारची सावली पडते ती बाजू. बर्फात पोरं घसरगुंडी करतात त्या उताराचा पायथा. झोपाळ्यांखालचा भुसा. बेसबॉलच्या मैदानाची प्रेक्षकांची कड. सहलीच्या टेबलांभोवतीची जागा. उघड्या हिरवळीच्या मधोमध क्वचितच काही मिळतं. माणूस तिथून नुसता जातो, थांबत नाही.

*

यंत्र चालवणं दोन दिवसांत जमतं. खणायला शिकायला वेळ लागतो, आणि तेच न शिकता लोक उद्यानात उतरतात.

आवाज आला की तबकडी आधी उभी फिरवायची, मग आडवी. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे वस्तू. पिनपॉइंटर गवताच्या वरूनच वाजला, तर वस्तू बोटभर खोल आहे. मग पातं चालवायचंच नाही. बोथट पेचकसाने माती जरा सैल करायची आणि नाणं वर उचलायचं, गवताला खबर लागत नाही. वस्तू खोल असेल तर खुरप्याने तीन बाजू कापायच्या आणि चौथी सोडायची. गवताचा ढलपा त्या बाजूवर उघडतो, पेटीचं झाकण बिजागरीवर उघडावं तसा. मुळं एका बाजूने धरून राहतात, म्हणून तो जगतो. ढलपा निदान चार बोटं जाड हवा, पातळ कापला तर मरतो.

खालची माती गवतावर टाकायची नाही. शेजारी जुना टॉवेल पसरायचा आणि माती त्यावर काढायची. वस्तू मिळाली की खड्ड्यात पुन्हा एकदा पिनपॉइंटर फिरवायचा, कारण नाणी पुष्कळदा जोडीने पडलेली असतात. मग टॉवेलची चारही टोकं उचलून सगळी माती परत आत ओतायची, ढलपा मिटायचा, टाचेने दाबायचा, आणि जवळ पाणी असेल तर थोडं घालायचं. काम नीट झालं असेल, तर दोन पावलं मागे सरकल्यावर आपला खड्डा आपल्यालाच सापडू नये.

भर उन्हाळ्यात, पाऊस नसताना, हे काहीच करू नये. गवत आधीच पिवळं पडलेलं असतं, कापलेला ढलपा पुन्हा मूळ धरत नाही. पावसानंतरचे दोन दिवस उत्तम. माती मऊ असते आणि ओल्या जमिनीत आवाजही स्पष्ट येतो.

*

उद्यानात गवत कापणाऱ्या कामगाराने एकदा आपलं यंत्र बंद केलं आणि तो थेट माझ्याकडे आला. परवान्याचा कागद दाखवा म्हणाला. दाखवला. कागदाकडे त्याने फारसं पाहिलंच नाही. मी नुकता उठलो होतो त्या जागेवरून त्याने बुटाचं टोक फिरवलं, दाबून पाहिलं, मग म्हणाला, "ठीक आहे." त्यानंतर त्याने त्याचं दुखणं सांगितलं. मागच्या वर्षी कुणीतरी रात्री येऊन फुटबॉलच्या मैदानावर खड्डे करून गेलं. सकाळी सरावाला आलेल्या एका मुलीचा पाय त्यातल्या एकात मुरगळला, आणि बोलणी खाल्ली या माणसाने. "तुम्हा लोकांना काय मिळतं ते मी कधी पाहत नाही," तो म्हणाला, "तुम्ही काय सोडून जाता तेवढं मला दिसतं."

एखाद्या गावाने डिटेक्टरवर बंदी घातली, की छंदवाले नगरपालिकेच्या नावाने खडे फोडतात. त्यांनी या माणसाशी एकदा बोलावं.

*

परवानगीचं प्रकरण सोपं नाही, कारण आधी उद्यान कुणाचं ते पाहावं लागतं. मॉरिसटाउनचं ऐतिहासिक उद्यान देशाचं आहे. स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याने तिथे हिवाळे काढले. अशा राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर चालवणंच काय, वापरायच्या स्थितीत जवळ बाळगणंही नियमाविरुद्ध आहे. शिवाय १९७९ चा पुरातत्त्व रक्षणाचा कायदा आहे. त्याखाली केंद्राच्या जमिनीतली शंभर वर्षांवरची वस्तू उकरणाऱ्याला दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतात. राज्याच्या उद्यानांचे नियम वेगळे, काउंटीचे वेगळे. गावचं उद्यान असेल तर अधिकार गावाकडे. कुठे परवाना मिळतो, कुठे सरसकट मनाई असते, आणि कुठे नियम लिहिलेलाच नसतो.

नियम नाही म्हणजे मुभा आहे, असा अर्थ पुष्कळजण काढतात. मी विचारून घेतो आणि उत्तर लेखी मागतो. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला कागद लागतोच.

*

यंत्राचा जन्म एका राष्ट्राध्यक्षाच्या दुखण्यात आहे. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टन शहरातल्या रेल्वे स्टेशनवर जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी अंगात राहिली, कुठे ते डॉक्टरांना कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल तारेच्या वेटोळ्यांचं उपकरण घेऊन आले. तत्त्व आजच्या यंत्राचंच. पण राष्ट्राध्यक्ष झोपले होते त्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, आणि मुख्य डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. गारफिल्ड यांना शेवटी समुद्राच्या हवेसाठी इथे न्यू जर्सीत, लाँग ब्रँचजवळच्या एल्बरॉनला आणलं. १९ सप्टेंबरला ते तिथेच वारले.

आजही यंत्र बिघडलं असं वाटलं, तर आधी आसपास काय आहे ते पाहायचं. बुटाच्या टाचेतला खिळा, जमिनीतला पाइप, डोक्यावरची विजेची तार, सगळे यंत्राला फसवतात.

*

पुढची दोन नावं ओळीत लिहून ठेवतो. जर्मनीहून आलेला गेरहार्ड फिशर कॅलिफोर्नियात विमानांच्या रेडिओ दिशादर्शकावर काम करत होता. धातूच्या जवळून जाताना दिशा चुकते, हे लक्षात आल्यावर त्याने त्या चुकीचंच यंत्र बनवलं. पेटंट १९३७ चं. दुसरा पोलंडचा लष्करी अभियंता युझेफ कोसाट्स्की. त्याने १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये सुरुंग शोधणारं यंत्र तयार केलं आणि पेटंट न घेता ब्रिटिश सैन्याला दिलं. पुढच्याच वर्षी एल अलामीनच्या वाळवंटात ते कामाला आलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्याची शिल्लक यंत्रं बाजारात विकली गेली आणि त्यातून हा छंद वाढला.

*

बेसबॉलच्या मैदानाच्या कडेला मधल्या पट्ट्यातला आकडा आला. कडीच असणार म्हणून खणलं, तर पिवळी जड अंगठी निघाली. लाल खडा, खड्याभोवती शाळेचं नाव, एका अंगाला १९७८, आत तीन आद्याक्षरं. इथे बारावी पास होताना अशी अंगठी करून घ्यायची रीत आहे. ती शाळा अजून त्याच गावात आहे. कार्यालयातल्या बाईंनी जुनं वार्षिक पुस्तक काढलं. त्या वर्षीच्या यादीत ती तीन अक्षरं एकाच नावाची होती. अंगठी शाळेमार्फत पोहोचली, आभाराचं पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं की अंगठी हरवल्याबद्दल तेव्हा वडील फार बोलले होते, आणि ते आता हयात नाहीत.

नातवाला ती अंगठी ठेवून घ्यायची होती. "सापडली त्याची," असा त्याचा कायदा. शाळेत येऊन त्याने ते पुस्तक पाहिलं, फोटोतली मुलगी पाहिली, आणि मग काही बोलला नाही.

*

उद्यानाचा नकाशा ही नातवाचीच कल्पना. जे मिळेल त्याचा ठिपका, शेजारी साल, कड्यांसाठी वेगळा रंग. मी म्हटलं, काढ. थोड्या महिन्यांत झोपाळे आणि मैदान अपेक्षेप्रमाणे भरले. पण एक जागा विचित्र दिसू लागली. आज तिथे नुसतं गवत आहे, झाड नाही, बाक नाही. तरी ठिपके दाट, सगळी नाणी १९६४ च्या आसपासची आणि त्याआधीची, कड्या मोजक्या. रोज फिरायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना नकाशा दाखवला. ते क्षणात म्हणाले, "इथे बँडस्टँड होता. मी लहान असताना पाडला."

या वस्तू विकायला गेलो तर फारसे पैसे सुटणार नाहीत. पण बँडस्टँड नाण्यांनी दाखवला नाही, ठिपक्यांनी दाखवला. तीच नाणी डब्यात एकत्र टाकली असती, तर मूठभर सुटे पैसे होते.

*

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर याच राज्यात झाली आहे. २८ जून १७७८ रोजी मनमाउथला वॉशिंग्टन आणि ब्रिटिश सेनापती क्लिंटन यांची भयंकर उन्हात लढाई झाली. ते रणांगण आता राज्याचं उद्यान आहे. तिथे डॅन सिव्हिलिच यांच्या पुढाकाराने डिटेक्टरवाले स्वयंसेवक पुरातत्त्वज्ञांबरोबर कामाला लागले. प्रत्येक गोळी जिथे सापडली ती जागा मोजून नोंदवली गेली. शिशाची घनता ठाऊक असते, म्हणून आपटून चेपलेली गोळीही वजन करून मूळ व्यास सांगते. सिव्हिलिच यांनी त्याचं सूत्रच बांधलं. ब्रिटिश बंदुकीची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर, अमेरिकी सैनिकांकडच्या फ्रेंच बंदुकीची सोळा. चेपलेली म्हणजे झाडलेली, गोल म्हणजे हातून पडलेली. त्यावरून कोण कुठे उभं होतं आणि कुठल्या दिशेने मारा झाला, हे कागदावर आलं.

माँटानातल्या लिटल बिगहॉर्नलाही असंच झालं. १८७६ मध्ये अमेरिकी सेनाधिकारी कस्टरची तुकडी जिथे कापली गेली, ते मैदान १९८३ च्या वणव्यात मोकळं झालं. पुढच्या वर्षी स्वयंसेवक डिटेक्टर घेऊन रांगेने त्यावरून चालले. काडतुसाच्या टोपीवर उमटणारी खिळ्याची खूण प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. एकाच बंदुकीच्या टोप्या जोडत गेलं की ती बंदूक मैदानात कुठून कुठे गेली ते दिसतं.

*

शोधायला काय गेलो आणि काय निघालं, याचा सगळ्यात मोठा दाखला इंग्लंडचा. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सनला एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्याचा मित्र एरिक लॉज डिटेक्टर घेऊन आला. रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी आणि चमचे निघू लागले. लॉज थांबला. थोडं उकरून झाल्यावर थांबणं, हीच त्याची थोरवी. पुरातत्त्वज्ञ आले, त्यांनी मातीचा थर न थर जपत खजिना काढला, म्हणून लाकडी पेटीच्या आणि वस्तू गुंडाळल्या होत्या त्या कापडाच्या खुणाही हाती लागल्या. नाणी १४,८६५. हातोडीही सापडली, आणि तीसुद्धा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

*

आपल्याकडे जमिनीतला धातू शोधून जगणारी माणसं यंत्राच्या फार आधीपासून आहेत. सराफ कट्ट्यावरची गटारं आणि दुकानासमोरची धूळ झाडून, धुऊन, गाळून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आठवा. नदीच्या घाटावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी ओढणारी पोरं आठवा. चुंबकाला आपली पोलादी नाणी लागतात, जुनी तांब्या-निकेलची लागत नाहीत, हे त्या पोरांना शाळेआधी कळतं. त्यांच्यासाठी हे पोट आहे. आम्ही निवृत्तिवेतनावर हेडफोन लावून फिरतो, हा फरक विसरू नये.

*

१९७४ मध्ये नगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला, एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार धातूशिल्पं मिळाली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. ज्याने रथ पाहिला तो विसरत नाही. मग वाद सुरू झाला तो काळाचा. काही अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळातली मानतात, काहींनी त्यांतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून पुष्कळ नंतरची म्हटलं. वादाचं मूळ हेच, की ती कुठल्या थरातून निघाली हे शास्त्रशुद्ध उत्खननात नोंदलं गेलेलं नव्हतं. खणणाऱ्या माणसाचा यात दोष नाही. तो मूळ काढत होता.

दुसरी बाजू नाशिकजवळच्या जोगळटेंभीची. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपला करून चालवला, हे त्या ढिगाने सांगितलं. ढीग फुटून दहा गावच्या सोनारांकडे वितळला असता, तर हा पुरावा गेला असता. एकटं नाणं कुतूहलाचं असतं, साक्ष द्यायला ढीग लागतो.

*

गावाहून पुतण्याचा फोन.

"काका, येताना ते मशीन घेऊन या."

"कशाला रे?"

"वाड्यामागच्या परसात बघू. आजी म्हणायची ना, तिथं हंडा पुरलाय."

हंडा प्रत्येक वाड्यामागे पुरलेला असतो. पूर्वी तो पायाळू माणसाला दिसायचा, डोळ्यांत अंजन घालून. आता मशीनला दिसणार. त्याला सांगितलं ते इथेही लिहितो. १८७८ चा निखातनिधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत लपवलेली दहा रुपयांवरची ठेव मिळाली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, लपवलं तर शिक्षा आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागतो. संरक्षित किल्ल्यावर किंवा स्मारकावर परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. आणि गुप्तधनाच्या नावाने मांत्रिक बोलावून अघोरी प्रकार केले, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

"म्हणजे नाही आणणार?" पुतण्या म्हणाला.

नाही आणणार. इथल्या गावच्या हिरवळीत माझ्या यंत्राने बँडस्टँड सापडतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. आमच्या गावच्या पांढरीत सातवाहनांपासूनचे थर असू शकतात. तिथे छंद म्हणून खड्डा करण्याची माझी लायकी नाही.

*

तरीही नवशिक्याने हा छंद जरूर करावा, जिथे तो कायद्याने करता येतो तिथे. चालणं होतं, कान तयार होतात, पायाखालच्या जमिनीला इतिहास आहे हे पोराबाळांना पुस्तकाशिवाय कळतं. श्रीमंत होण्यासाठी करू नये. यंत्राचे पैसेही सुटत नाहीत.

सुरुवात करणाऱ्यांनी एवढं पाळावं. उद्यान ज्याचं आहे त्याची लेखी परवानगी घ्या आणि कागद खिशात ठेवा. मैदानावर खेळ चालू असेल तर तिकडे फिरकू नका. निघालेली प्रत्येक कडी, झाकण, खिळा घरी आणून कचऱ्यात टाका, परत मातीत टाकलात तर पुढच्या आठवड्यात तोच आवाज पुन्हा ऐकाल. नाव-खूण असलेली वस्तू मालकाला पोहोचवायचा प्रयत्न करा. काय मिळालं यापेक्षा कुठे मिळालं ते लिहून ठेवा. एका जागी बऱ्याच जुन्या वस्तू निघू लागल्या, तर हात थांबवा आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला फोन करा, पुढचं खणणं त्यांचं काम आहे. आणि उठण्याआधी खड्डा बुजवा.